मापाचा पेचकस



आपल्या प्रत्येकाच्या घरी अवजारांची एक पेटी असते. पेटी नसेल तर खताची रिकामी गोणी असते, आणि तीही नसेल तर ओसरीच्या कोनाड्यात पान्हे, पक्कड, हातोडी, टेस्टर ही सगळी मंडळी एकमेकांच्या अंगावर पडलेली असतात. ट्रॅक्टरचा बोल्ट सैल झाला, पंपाचा पाइप बदलायचा आहे, औताची कडी निसटली, अशा कामांना ती पुरी पडतात. पण आजीच्या चष्म्याची काडी निखळली की घरात धांदल उडते. त्या बिजागरीतला स्क्रू एवढासा असतो. मग कोणी विळ्याचे टोक लावतो, कोणी सुरीचे. स्क्रूची खाच खरवडते, बोटाला लागते आणि शेवटी दोरा गुंडाळून वेळ निभावली जाते.

तीस वर्षे मी आपल्याशी माती परीक्षण, बीजप्रक्रिया आणि फवारणी यांवर बोलत आलो. आज विषय जरा वेगळा आहे. काडीएवढ्या पेचकसाचा आहे. कोणी त्याला स्क्रू ड्रायव्हर म्हणते, कोणी डिसमिस म्हणते. मला तो हवा होता खेळातल्या आगगाडीसाठी. हसू नका. पुढचे वाचल्यावर ही गाडी आमच्या घरी खेळ म्हणून नव्हती हे आपल्या ध्यानात येईल.

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, रेल्वेत चावीवाले होते. लातूरच्या नॅरोगेजवर त्यांची उभी हयात गेली. ही लाइन म्हणजे जुनी बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली आणि १८९७ साली तिच्यावर पहिली गाडी धावली. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. पुढे तिचा एक फाटा १९०६ साली पंढरपूरला पोचला, दुसरा १९११ साली लातूरला, आणि १९२७ साली ती मिरजेला जाऊन भिडली. आषाढीचे वारकरी, बार्शीच्या बाजाराचा माल, लातूरची तूर, सगळे या गाडीने वाहिले. १९५४ साली ती सरकारने आपल्याकडे घेतली. अण्णा १९६५ साली नोकरीला लागले आणि २००२ साली निवृत्त झाले.

चावीवाल्याचे काम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. रोज पहाटे खांद्यावर हातोडा आणि हातभर लांबीचा पान्हा घेऊन आपल्या हद्दीतला रूळ चालत तपासायचा. सैल झालेली चावी ठोकायची, सांध्याचा बोल्ट आवळायचा. हद्द संपली की परत फिरायचे. पाऊस असो, ऊन असो, यात खंड नाही. अण्णा सांगायचे, "पान्हा मापाचा नसला की बोल्टाचे कान जातात. कान गेलेला बोल्ट मग देवालासुद्धा सुटत नाही."

या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत लातूरची नॅरोगेज गेली आणि ब्रॉडगेज आली. आपल्या भागाच्या भल्याचेच झाले. पण वयाच्या ऐंशीकडे झुकताना अण्णांना विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग माणसांची नावे, मग जेवण झाले की नाही ते. डॉक्टरांनी तपासून सांगितले, हा मेंदूचा आजार आहे, औषधाने थोडा सावरेल पण जाणार नाही. कालचे विसरत चालले तरी पन्नास वर्षांपूर्वीचे मात्र लख्ख राहिले. पहाटे चार वाजले की अण्णा उठून पायताण शोधू लागत. "ड्यूटीला निघालो," म्हणत. आमच्या सौभाग्यवती दाराशी उभ्या राहून म्हणत, "अण्णा, आज सुट्टी आहे, चहा घ्या." कधी ऐकत, कधी चिडत.

२०२२ साली धाकट्या मुलीच्या प्रवेशासाठी पुण्याला जाणे झाले. अण्णा बरोबर होते. कोथरूडला कर्वे रस्त्याजवळ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभारले आणि १९९८ पासून ते लोकांना खुले आहे. मुलीने हट्टाने आम्हाला तिथे नेले. एका मोठ्या मेजावर अख्खे शहर मांडलेले, त्यात सिग्नल, पूल, बोगदे आणि त्यांतून धावणाऱ्या वीतभर गाड्या. अण्णा कठड्याला धरून उभे राहिले ते तासभर हलले नाहीत. परतीच्या वाटेवर त्या दिवशी त्यांनी एकदाही ड्यूटीचे नाव काढले नाही. मी ते मनात धरले.

छोट्या रेल्वेचे गणित आपण शेतकऱ्यांनी ऐकावे असे आहे. जगात सर्वांत जास्त चालते ते माप एकास सत्त्याऐंशी. म्हणजे खऱ्या गाडीचे सत्त्याऐंशी फूट हे प्रतिकृतीत एक फूट. साडेपाच फुटी माणूस या मापात भुईमुगाच्या टपोऱ्या दाण्याएवढा होतो. आपल्या नॅरोगेजचे अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागले की पावणेनऊ येतात. आणि ९ मिलिमीटर रुंदीचे रूळ बाजारात तयार मिळतात, कारण १९६० च्या दशकापासून मोठ्या गाड्यांच्या आणखी लहान प्रतिकृतींसाठी तेच माप रूढ आहे. त्या मापाला नुसते एन म्हणतात. इंग्रजीत नाईन, जर्मनीत नॉयन आणि आपल्याकडे नऊ, सगळ्यांची सुरुवात न ने होते म्हणून एन! तेव्हा सांगाडा तयार इंजिनाचा घ्यायचा आणि वरची पेटी आपल्या हाताने नॅरोगेजची करायची, असा मार्ग निघाला.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी कामाला लागलो. चार फूट बाय अडीच फुटांची प्लायवुडची फळी घेतली. एका हौशी गृहस्थांकडून जर्मनीत बनलेले जुने इंजिन आणि रूळ घेतले. डबे पुठ्ठ्याचे आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे केले. खिडक्या किती, दार कुठे, रंग कसा, हे सगळे अण्णांनी सांगितले. दुपारी खाल्लेली भाजी न आठवणारा माणूस डब्याच्या पायरीची उंची हाताने दाखवत होता. इंजिनाला रुळांतून १२ व्होल्टची वीज जाते, शॉक बसत नाही. पहिल्यांदा गाडी फिरली तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. फळीजवळ खुर्ची ओढून बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता उठले ते पायताण न शोधता फळीशी आले. बोटाने रुळाचा एकेक सांधा चाचपला, फडक्याने रूळ पुसले आणि मला हाक मारली, "हद्द साफ आहे, सोड गाडी."

त्या दिवसापासून अण्णांची ड्यूटी घरातच होऊ लागली. घर झोपू लागले.

दीड वर्ष असे गेले. २०२४ च्या डिसेंबरात इंजिन थांबले. आधी कुरकुरले, मग धक्के देऊ लागले, मग नुसते गुरगुरून जागीच राहिले. गोधडीचे तंतू आणि वाळलेले वंगण दात्यांत अडकले असणार हे उघड होते. इंजिन खोलायचे, पुसायचे, थेंबभर तेल द्यायचे, एवढेच काम. पण खोलायचे कशाने? खालच्या अंगाला दोन स्क्रू. आपल्या भाषेत सांगायचे तर ज्वारीचा दाणा ४ मिलिमीटरचा, मोहरीचा २ मिलिमीटरच्या आतबाहेर, राजगिऱ्याचा १ मिलिमीटरचा. या स्क्रूंची डोकी मोहरीएवढी आणि त्यांतली खाच राजगिऱ्याहूनही बारीक.

गाडी बंद पडून चार दिवस झाले. पाचव्या पहाटे दाराची कडी काढल्याचा आवाज कोणाला आला नाही. अण्णा गेले. गावाबाहेर दीड मैलावर लोहमार्गाच्या कडेने चालताना ते एका दूधवाल्याला दिसले. हातात काही नव्हते, पण खांद्यावर पान्हा असल्यासारखा हात वर धरलेला. आता तिथे नॅरोगेज नाही, वेगाने जाणाऱ्या गाड्या आहेत. त्या भल्या माणसाने त्यांना सायकलवर बसवून घरी आणले. त्या दिवशी माझ्या मनाने घेतले, काही झाले तरी हे दोन स्क्रू उघडायचे.

तालुक्याच्या गावी हार्डवेअरची तीन दुकाने पालथी घातली. सर्वांत लहान म्हणून जे दाखवले ते टेस्टरएवढे. एका ठिकाणी सहा नगांची प्लास्टिकची डबी मिळाली. घरी येऊन त्यातला बारीक नग लावला तर स्क्रू न हलता पेचकसाचे टोकच जिलेबीसारखे पिळले गेले. लोखंड मऊ होते. मी हात आवरला. नंतर सोलापूरला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत गेलो. तिथे पेचकस बारीक आणि चांगले होते, पण बहुतेक फुलीचे, ज्याला दुकानात प्लस म्हणतात. मला हवे होते सपाट पाते. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आपल्याकडे म्हण आहे. पण या वळशात मला नेमके काय शोधायचे ते कळत गेले.

कळसा सापडला बार्शीला. बाजारपेठेच्या एका बोळात सत्तरीचे एक घड्याळजी बसतात. पूर्वी चावीची घड्याळे उघडून मेजावर मांडणारे हे गृहस्थ, आता दिवसभर सेल आणि पट्टे बदलतात. मी इंजिन त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, स्क्रू पाहिले आणि खणातून लाकडी फिरता ठोकळा काढला. त्यात नऊ पेचकस उभे होते. प्रत्येकाच्या अंगावर वेगळ्या रंगाची कडी. घड्याळजींच्या या पेचकसांना माप रंगाने ओळखतात. स्वित्झर्लंडच्या प्रसिद्ध संचात पिवळा म्हणजे ०.८ मिलिमीटर, काळा म्हणजे १, लाल म्हणजे १.२.

"काका, जोर लावला तर निघेल का?" मी विचारले.

"साहेब, जोर धरू नका, माप धरा," ते म्हणाले.

त्यांनी जे करून दाखवले ते मी आपल्यासाठी जसेच्या तसे सांगतो.

पहिली गोष्ट रुंदीची. पात्याची रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढी हवी. कमी असली तर सगळा जोर खाचेच्या मध्यावर येऊन कडा तुटतात. जास्त असली तर आजूबाजूचा भाग खरवडतो.

दुसरी गोष्ट जाडीची, आणि ही फार थोड्यांना ठाऊक असते. बाजारी पेचकसाचे पाते पाचरीसारखे असते, टोकाला पातळ आणि वर जाड. खाचेच्या भिंती मात्र सरळ असतात. पाचर वरच्या काठावरच टेकते आणि पिळले की वर सरकते. म्हणून पात्याचे टोक बारीक दगडावर घासून सरळ करायचे, म्हणजे ते खाचेच्या तळापर्यंत बसते. काकांनी माझ्या डोळ्यांदेखत एक पाते दगडावर चारदा ओढले, लावून पाहिले, पुन्हा दोनदा ओढले. नंतर पेचकस सोडून दिला तरी तो खाचेत सरळ उभा राहिला!

तिसरी गोष्ट धरण्याची. या पेचकसाच्या डोक्यावर सुटी फिरणारी टोपी असते. तर्जनी टोपीवर ठेवून खाली दाबायचे, आणि अंगठा व मधले बोट यांनी दांडी फिरवायची. दाबणारे बोट वेगळे, फिरवणारी वेगळी. मुठीने धरला की दाब तिरका जातो आणि पाते घसरते.

चौथी गोष्ट धीराची. काकांनी सुईच्या टोकाने स्क्रूच्या कडेला तेलाचा अर्धा थेंब सोडला आणि चहा मागवला. चहा होईपर्यंत इंजिनाला हात लावला नाही. मग स्क्रू आधी केसभर आवळला. सोडवायचा तो आवळतात कशाला, असे मला वाटले. धरून बसलेला साधा आधी किंचित त्याच्याच दिशेने हलवला की त्याची पकड मोडते, मग तो उलटा सहज फिरतो. तसेच झाले. कट्ट असा बारीक आवाज आला आणि दोन्ही स्क्रू सुटले. आतून गोधडीच्या तंतूंची कापसासारखी गुंडाळी निघाली.

त्यांनी दात्यांना तेल किती द्यायचे तेही दाखवले. सुईच्या टोकावर राहील तेवढेच. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. स्क्रू परत बसवताना प्लास्टिकच्या भोकात जायचा असेल तर आधी हलकेच उलटा फिरवायचा, आटे जुळल्याचा खटका बोटाला जाणवतो, मग सुलटा फिरवायचा. नाहीतर नवे आटे कापले जातात आणि भोक ढिले होते. मी त्यांच्याकडून तीन पेचकस विकत घेतले. दगडावर पाते कसे ओढायचे ते माझ्या हातून दहा वेळा करून घेतल्यावरच त्यांनी पैसे घेतले.

संध्याकाळी इंजिन रुळावर ठेवले. अण्णांनी खुर्ची ओढली. मी त्यांच्या हातात तो काडीएवढा पेचकस दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, टोकावरून नख फिरवले आणि म्हणाले, "मापाचा आहे." घरातली माणसे विसरलेल्या माणसाला अवजाराचे माप ओळखता आले.

मी शेतीखात्याचा माणूस, भलते आश्वासन देणे माझ्या रक्तात नाही. अण्णांचा आजार गाडीने बरा झालेला नाही आणि होणारही नाही. औषधे चालू आहेत. कधी मला ते स्टेशन मास्तर समजून सलाम करतात. पण पहाटेची त्यांची पावले फळीपर्यंत जातात, लोहमार्गापर्यंत जात नाहीत. आमच्या घरापुरते हे थोडे नाही.

आता आपल्या उपयोगाचे बोलू.

घरात एक लहान डबी ठेवा. तिच्यात एक ते तीन मिलिमीटरपर्यंतचे सपाट पेचकस तीन-चार आणि फुलीचे बारीक दोन असावेत. फुलीच्या बाबतीत एक ध्यानात ठेवा. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांच्या नावाची फुली सर्वत्र चालते, पण अनेक जपानी यंत्रांतल्या स्क्रूंची फुली किंचित वेगळी असते. पुष्कळदा तिच्याजवळ एक बारीक ठिपका असतो. अशा स्क्रूत नेहमीचा फुलीचा पेचकस नीट बसत नाही, वर सरकतो आणि फुली खाऊन टाकतो. घेताना फिरती टोपी पाहा, टोकाच्या कडा स्वच्छ आहेत का पाहा. वीस नगांच्या स्वस्त डबीपेक्षा चांगल्या पोलादाचे तीन नग बरे.

या डबीची कामे पुष्कळ आहेत. चष्म्याची बिजागरी आहे. शिवणयंत्राच्या बॉबिन केसवरचा ताणाचा स्क्रू आहे. तो पाव फेरा इकडेतिकडे झाला तरी टाक्यात फरक पडतो हे आमच्या भगिनी जाणतात. रेडिओ, टॉर्च, वजनकाटा आहे. विजेच्या स्टार्टरला मात्र प्रवाह बंद केल्याशिवाय हात लावू नका, आणि शंका असेल तर वायरमनलाच बोलवा.

काम करताना काठाच्या ताटात पांढरे फडके अंथरा, म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो आणि घरंगळत नाही. पितळी स्क्रू चुंबकाला लागत नाही, त्याला उचलायला पेचकसाच्या टोकाला कणभर मेण लावा. लहान मुले जवळ असतील तर स्क्रू आणि विशेषतः बटणासारखे चपटे सेल उघडे ठेवू नका. असा सेल मुलाने गिळला तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच पावली दवाखाना गाठा.

मापाची गोष्ट आपल्याला नवी नाही. फवारणीच्या नोझलचे भोक तारेने टोकरू नका असे मी वर्षानुवर्षे सांगतो, कारण भोक केसभर मोठे झाले की औषधाचे माप बिघडते. पाभरीचे बी, पिकाचे पाणी, खताची मात्रा, सगळीकडे तेच आहे.

आणि एक. आपल्या घरी कोणी विसरणारे वडीलधारे असतील तर त्यांना आधी डॉक्टरांना दाखवा. म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्या खिशात नाव, गाव आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. रात्री दाराला वरच्या अंगाला कडी लावा, पण घरातले कोणीतरी जवळ झोपलेले असू द्या. आणि हाताने आयुष्यभर जे काम केले ते त्यांना झेपेल एवढे लहान करून द्या. ज्याने नांगर धरला त्याला परसातला वाफा द्या, जिने जात्यावर ओव्या म्हटल्या तिच्यापुढे सुपात धान्य निवडायला ठेवा. काम बसले की माणूस बसतो, नाहीतर तो वाट शोधत बाहेर पडतो.

बार्शीचे ते घड्याळजी अजून बोळात बसतात. आपल्याही बाजारगावी असे एखादे दुकान असेल. ते बंद होण्याआधी एकदा जाऊन या. मुलांना बरोबर न्या, दगडावर पाते कसे ओढतात ते त्यांना पाहू द्या.